नाक मुरडणारा स्नायू

नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून वरच्या ओठापर्यंत उतरणारा एक बारीक स्नायू असतो. तो आखडला की नाकपुडी वर जाते, ओठ किंचित उचलला जातो आणि समोरच्याला न बोलता कळतं की आपण याला नकोसे झालो आहोत. आपल्या भाषेनं याला कधीच नाव देऊन ठेवलंय : नाक मुरडणं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमरावतीच्या एका दवाखान्यात, वारं जाऊन तोंड वाकडं झालेल्या माणसांचे चेहरे पुन्हा हलते करणं हे माझं काम. ज्यांचा हा स्नायू लुळा पडलाय त्यांना मी आरशासमोर बसवते आणि म्हणते, "समजा, नासक्या अंड्याचा वास आला. हं, करा नाक वर." आठवडेच्या आठवडे घाम गाळून मी लोकांना नाक मुरडायला शिकवते. बरे झाल्यावर त्यातले काही जण पहिल्यांदा मलाच बघून मुरडतात.

कारण मी केसुला आडे. पुसदकडच्या एका तांड्यातली, गोर बंजारा. आणि माझ्या घरात शाल्मली राहते. तिला मी मैत्रीण म्हणते तेव्हा ऐकणाऱ्यांना जी शंका येते ती बरोबर असते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या भियाला, म्हणजे भावाला, ही शंका आली. त्यानं ती तांडाभर केली आणि मला फोनवर सांगितलं, "इकडं येऊ नको." याडीचा, म्हणजे माझ्या आईचा, फोन आलाच नाही. मी वाट बघितली, मग जेवण सोडलं, मग झोप गेली. नंतर नंतर मी गच्चीच्या कठड्याजवळ जरा जास्तच वेळ उभी राहायला लागले, तेव्हा शाल्मलीनं मला दंडाला धरून डॉक्टर केतकी सरंजामे यांच्यासमोर नेऊन बसवलं.

सरंजामे मॅडमच्या दारावर पाटी होती : 'दुहेरी अल्पसंख्यांसाठी मनःस्वास्थ्य प्रकल्प'. म्हणजे मी एकदा नव्हे, दोनदा कमी. पाटी वाचूनच मला उमासा आला होता, पण बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं.

"तुमचं मन दुबळं नाही," त्या म्हणाल्या. "ते थकलंय. ज्याला लोक लहानपणापासून नाक मुरडतात, त्याच्या मनात एक पहारेकरी बसतो. समोर येणारा प्रत्येक चेहरा तो तपासतो. याला माझी किळस येतेय का? याला? हिला? हा पहारा चालू असताना शरीर धोक्यात असल्यासारखं वागतं. रक्तदाब चढलेला, ताणाची द्रव्यं रक्तात, झोप तुटक. वर्षानुवर्षं असं चाललं की नैराश्य येतं. बाकीच्यांचा पहारेकरी निदान घरी गेल्यावर झोपतो. तुम्ही तांड्यात प्रेम लपवता आणि तुमच्यासारखं प्रेम करणाऱ्यांत तांडा लपवता. तुमच्या पहारेकऱ्याला सुट्टीच नाही."

हे मात्र मला कुणी आजवर इतकं नीट सांगितलं नव्हतं. मी रडले.

मग त्यांनी चष्मा काढला. नाव 'निर्धास्त'. दिसायला साधाच. दांडीत कॅमेरा, आणि त्यामागे लाखो चेहरे बघून तयार झालेली यंत्रबुद्धी. माणूस कितीही सभ्य असला तरी किळस लपवायच्या आधी तो स्नायू एक क्षण हलतोच. डोळ्यातून ते निसटतं, यंत्रातून निसटत नाही. मग कानामागे टकटक होते आणि एक शांत बाई सांगते : किळस आहे, सौम्य की तीव्र. आणि काय करायचं ते.

"पहाऱ्याचं काम याला द्या," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मन झोपेल. बहुतेक वेळा तुम्हाला कळेल की भीती खोटी होती."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात. माझ्या नाकावर तो चष्मा पिसासारखा बसला.

खरंच झोप लागायला लागली. कुणी कसं बघतंय याचा विचारच करावा लागेना. वाजलं तर वाजलं, नाही वाजलं तर माणूस चांगला. गंमत एवढीच की मॅडमचा अंदाज साफ चुकला. भीती खोटी नव्हती.

आमचे दवाखान्याचे प्रमुख. "आमच्याकडे जातपात, असलंतसलं कुणी मानत नाही हं," असं दर बैठकीत सांगणारे. त्यांनी हात मिळवला आणि टकटक. सौम्य. शेजारच्या काकूंनी संक्रांतीचं वाण दिलं, तिळगूळ घ्या म्हणाल्या, टकटक. आमच्यासारख्यांचा एक गट नागपूरला भरतो. तिथं मी गेले की सगळ्याजणी याडीनं भरलेल्या माझ्या आरशांच्या ओढणीचं कौतुक करायच्या. एकदा जेवणाच्या गप्पा निघाल्या आणि मी सांगितलं की आमच्याकडं सणाला सळोई करतात, बकऱ्याचं रक्त शिजवून. कानामागे एकापाठोपाठ तीनदा वाजलं. तीव्र. अंतर ठेवा. तोंडानं त्या म्हणत होत्या, "वॉव, किती ऑथेंटिक!" प्रेम कुणावरही करा, फक्त रक्त खाऊ नका, असा तो मोकळेपणा होता. मला त्या सगळ्यांचीच शिसारी आली. दिसायला सगळे धुतलेल्या तांदळासारखे, आणि नाकपुडीत ही घाण.

मी माणसं तोडत गेले. टकटक झाली की पाऊल मागे. वर्षभरात ही सवय इतकी अंगात भिनली की आवाजाआधी पाय हलायचा. मॅडमच्या पडद्यावर माझे आकडे सुधारत होते आणि त्या खूश होत्या.

शाल्मलीसमोर चष्मा कधी वाजला नाही. पहिल्यापासून नाही. पण ती बदलली. जेवताना, बोलताना, टीव्ही बघताना तिचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट राहायला लागला. रोज चेहरे बघणाऱ्या मला ते कळायला उशीर लागला, याचीही आता लाज वाटते.

"काय झालंय तुला?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. कारल्याची भाजी कडू झालीये."

"मग तोंड वाकडं का नाही करत?"

तिनं ताटावरून मान वर केली नाही. "केसू, मला शिंक आली तरी आधी तुझ्या चष्म्याची भीती वाटते. नाक खाजवायलाही तुझी परवानगी लागते या घरात. काढ ना तो. निदान माझ्यासमोर."

मी काढला नाही. काढला तर पहारेकरी जागा होईल आणि पुन्हा कठड्याकडे नेईल, ही माझी भीती होती. ती तिला माहीत होती, म्हणून ती पुन्हा बोलली नाही.

आणि मग होळीच्या आधी याडीचा फोन आला. आम्ही आपसात गोरमाटीत बोलतो. इथं तिचं बोलणं मराठीत उतरवतेय, त्यात तिचा निम्मा तिखटपणा सांडतो.

"छोरी, होळीला ये."

"भिया काय म्हणेल?"

"त्याच्या बापाचं घर नाही, माझं आहे. ये. आणि ती जी कोण आहे, तिलाही आण."

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चष्मा नक्की घाला. आयुष्यभर तुमचा पहारेकरी हाच एक प्रश्न विचारतोय ना? आईला माझी किळस येते का? एकदा खरं उत्तर मिळू दे." बरोबर होतं ते. जगात कुणीही नाक मुरडलं असतं तरी मी तगले असते. याडीनं मुरडलं तर मात्र तगेन की नाही, ते मला सांगता येत नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्याबाहेर फार कुणाला ठाऊक नसते. आमच्या बायका खूप दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून रडतात. मुसमुसून नाही, सुरात. मधल्या काळात जे घडलं ते सगळं त्या रडण्यात गाऊन सांगायचं : कोण गेलं, कोण जन्मलं, कुठली गाय विकली, तुझ्यावाचून घर कसं ओस पडलं. लग्नात निरोप घेताना नवरी ढावलो गाते, त्याचंच हे रोजच्या वापरातलं भावंड. दुःखाचंच असतं असं नाही. आनंद झाला तरी रडायचंच. हे रडणं झाल्याशिवाय भेट झाली असं कुणी धरत नाही, आणि ते अर्धवट तोडणं म्हणजे नातं तोडणं. परक्या, कोर माणसासाठी कुणी असं रडत नाही. मी पहिलीपासून आश्रमशाळेत वाढले. तिथं कविता पाठ करून घेतल्या, हे नाही. मला ते ऐकून माहीत होतं, माझ्यासाठी कुणी रडलं नव्हतं.

तांड्याच्या तोंडाशी आम्ही गाडीतून उतरलो. बायका जमलेल्या. याडी पुढं आली, फेटियाचा घागरा सावरत, तंबाखू थुंकून. तीन वर्षांत तिचे केस पिकले होते. तिनं दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले, तोंड वर केलं आणि सूर लावला.

कानामागे टकटक सुरू झाली. किळस. तीव्र. याडी गात होती. टकटक थांबेना. किळस, अतितीव्र. अंतर ठेवा. अंतर ठेवा. माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तिचा वरचा ओठ उचललेला होता, दोन्ही नाकपुड्या वर गेल्या होत्या, नाकाच्या मुळाशी सुरकुत्यांची जाळी झाली होती. एवढी मोठी नोंद मी वर्षभरात ऐकली नव्हती. म्हणजे हे उत्तर होतं.

मी तिचे हात गळ्यातून काढले आणि मागे सरकले.

याडीचा सूर मधेच तुटला. याडी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला चष्म्याची गरज नव्हती.

"हा चेहरा मी ओळखते," ती म्हणाली. "बाजारात भाजी घ्यायला वाकले की शेजारची बाई पदर सावरते, तेव्हा असाच असतो. बसमध्ये बाजूला बसले की असाच. माझ्या पोरीच्या तोंडावर आज बघितला." मग एकदम हळू आवाजात, "वास येतो का माझा?"

"नाही" म्हणता आलं असतं, पण माझं नाक खरंच वर गेलेलं होतं. मला ते स्वतःला कळत होतं. तिला माझी किळस आली असं समजून मला झालेल्या दुःखानं, की तिच्या तोंडाच्या तंबाखूच्या वासानं, हे मला आजही सांगता येणार नाही.

ती आत गेली. न्हाणीतून पाण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस चापून बसवलेले. तिनं बाजेवर नवी चादर घातली आणि आम्हा दोघींना ताटलीत ठेवून पाण्याचे पेले दिले. पाहुण्यांना देतात तसे. चेहरा सपाट. दिवसभर चष्मा एकदाही वाजला नाही.

परतताना शाल्मली गाडी चालवत होती. फाट्यावर तिनं गाडी हमरस्त्याला घातली. मग म्हणाली, "मी वर्षभर चेहरा गोठवून बसलेय तुझ्यासमोर. तुझी आई एका दुपारीत शिकली."

"तिला किळस आली होती, शाल्मली. अतितीव्र."

"ती रडत होती, मूर्ख!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो इतका साधा होता की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. माणूस ओक्साबोक्शी रडतो तेव्हा ओठ वर जातो, नाकपुड्या फुलून उचलल्या जातात. तोच स्नायू. मी रोज बघते. वर्षानुवर्षं लुळा पडलेला चेहरा पहिल्यांदा हलला की पेशंट रडतात, आणि त्या रडण्यात तो स्नायू चालला की मी टाळ्या वाजवते. मला माहीत होतं. मी ते विसरले, कारण चष्म्याला जास्त कळतं असं मी ठरवलं होतं. मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ओकले.

दुसऱ्या आठवड्यात मी चष्मा मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"रडताना आणि किळस येताना तोच स्नायू आखडतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आहे ना," त्या म्हणाल्या. "रडणं वेगळं ओळखायला आम्ही त्याला शिकवलंय. पण एकट्यानं रडणारे, अंत्यविधीत रडणारे, असे चेहरे होते. कुणी स्वागत करताना, आनंदात, समोरच्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, गाऊन रडत नाही ना हो! यंत्रानं आनंदाचा प्रसंग बघितला, रडण्याची शक्यता बाद केली, मग उरली किळस." त्यांचे डोळे चमकायला लागले. "पण ही परंपरा किती सुंदर आहे! आपण तुमच्या तांड्यातल्या बायकांचं चित्रण करू या. पुढच्या आवृत्तीत ही चूक राहणार नाही. तुमच्या आईंपासून सुरुवात करू."

"त्या रडण्यात शेंबूड वाहतो, मॅडम. लाळ गळते. तंबाखूची. ती समोरच्याच्या मानेला लागते आणि ती पुसायची नसते."

"हो, हो, चालेल की," सरंजामे मॅडम हसून म्हणाल्या, आणि त्यांची डावी नाकपुडी वर गेली.

चष्मा घडी घातलेला पडला होता. मला त्याची गरज लागली नाही.

त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मला कठड्यावरून मागं आणलं होतं, हे मी नाकारणार नाही, आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या मी अजून घेते. शिसारी आली ती सगळ्या बेताचीच. एवढे शहाणे लोक एकत्र आले, एवढी बुद्धी खर्च केली, आणि सोय कशाची केली तर माझ्या पहारेकऱ्याला झोपवायची. ज्यांच्यामुळे पहारा लागतो त्यांच्या नाकाचं काय करायचं, याचा प्रकल्प कुणाच्याच दारावर नव्हता. त्यांची नाकं तशीच राहणार, मी फक्त ती नीट मोजायची आणि निर्धास्त व्हायचं. मी हे सगळं त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी टिपून घेतलं.

त्यानंतर याडी व्हिडिओवर फोन करायची. दर रविवारी. पडद्यावर तिचा चेहरा चकचकीत दिसायचा आणि अजिबात हलायचा नाही. "बरी आहेस? ती बरी आहे? जेवलीस?" एवढंच. मी सांगितलं, चष्मा परत केला, चूक यंत्राची होती, माझी होती, तुझी नव्हती. ती म्हणायची, "असू दे, असू दे." जसं आपण दुकानदाराला म्हणतो.

ते फोनवर सुटणारं नव्हतं. जे गळ्यात तुटलं ते गळ्यातच जोडावं लागणार होतं. जूनच्या सुरुवातीला मी आणि शाल्मली पुन्हा गेलो. याडी दारात उभी होती, हात पोटाशी बांधून, तोंड धुऊन. पुढं आली नाही. शेजारणी ओट्यांवरून बघत होत्या.

मी गेले आणि तिच्या गळ्यात पडले. तोंड उघडलं आणि "याडी ए याडी" म्हणत जो आवाज काढला तो गाणं नव्हताच. कुठूनतरी एक म्हातारी म्हणाली, "म्हैस व्याली का काय?" आणि बायका फिसकन हसल्या. मी थांबले नाही. थांबायचं नसतं एवढं मला माहीत होतं. मी सांगत गेले. भियानं येऊ नको म्हटलं तेव्हाची गोष्ट सांगितली. तू फोन केला नाहीस, मी तीन वर्षं फोन उशाशी घेऊन झोपले. गच्चीचा कठडा सांगितला. ही शाल्मली, याडी, हिनं दंडाला धरून मला मागं ओढलं, ही माझं माणूस आहे, हिच्यावाचून मी नसते. हे असं तांड्यासमोर मराठीत मला जन्मात बोलता आलं नसतं. रडण्यात सगळं सांगता येतं, तेवढ्यासाठीच ते असतं. मग मी म्हणाले, मी तुझे हात काढले, याडी. माझ्या हातांनी काढले.

ती खांबासारखी उभी होती. हात अजून पोटाशीच. माझा आवाज फाटला, सूर तर नव्हताच, नाक गळायला लागलं आणि तिच्या मानेवर ओघळलं. मला वाटलं, झालं. आता ही मला पाण्याचा पेला देणार.

माझा गाल तिच्या गालाला टेकलेला होता, म्हणून दिसलं काहीच नाही. पण एवढी वर्षं बोटांनी चेहरे वाचले, गालालाही ते येत असावं. तिच्या नाकाशेजारी तो बारीक दोर आखडला. ओठ वर गेला. तिचे हात सुटून माझ्या पाठीवर आले, एका हातानं तिनं मागं उभ्या शाल्मलीची ओढणी धरून तिला आमच्यात ओढलं, आणि माझा चुकलेला सूर मधूनच उचलून नीट जागेवर नेला. पाळी आता तिची होती. मधल्या काळात जे घडलं ते तिनं सांगायचं होतं. सुरात, रडत रडत, पहिलं तिनं हेच सांगितलं :

होळीपासून मी साबणानं तोंड धुऊनच तुला फोन लावत होते गं, छोरी.